झाडीपट्टीतली पिळदार मिशी

दरवर्षी 21 ऑक्टोबरला चंद्रपूरच्या कारागृहातल्या पिंपळापाशी माणसं जमतात. 1858 साली याच तारखेला बाबूराव पुलेश्वर शेडमाके यांना इथे फाशी झाली. तेव्हा त्यांचं वय पंचवीस होतं. त्या दिवशी अहेरी, राजुरा, गोंडपिपरी अशा गावांहून येणाऱ्यांच्या हातात फलक असतात आणि फलकांवर बाबूरावांचा चेहरा असतो. डोक्याला पागोटं, नजर थेट, आणि ओठावर भरदार मिशी, टोकं वर वळलेली. चौकाचौकातल्या पुतळ्यांतही ती तशीच आहे. टपाल खात्याने 2009 साली त्यांच्यावर तिकीट काढलं, तोवर हा चेहरा जिल्ह्यात घरोघरी पोचलेला होता.

मला या मिशीबद्दल लिहायचं आहे, कारण ती या मुलखात एका वाटेने आलेली नाही. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी मध्य प्रांतातल्या आदिवासींविषयी केलेल्या नोंदी त्यांच्या मृत्यूनंतर, 1866 साली, रिचर्ड टेंपल यांनी छापल्या. बाबूराव फासावर गेले त्याच काळात हिस्लॉप या भागात हिंडत होते. गोंडांचं वर्णन करताना त्यांनी दाढी-मिशी विरळ असते असं लिहून ठेवलं. ही एका परक्या माणसाची ढोबळ नोंद. तिच्यावरून कुणा एकाचा चेहरा ठरवता येत नाही आणि ठरवूही नये. पण एवढं नक्की की जंगलातल्या माणसाच्या ओठावर पिळाची मिशी आपोआप उगवत नव्हती. तिला कारण लागत होतं. चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, आणि गडचिरोलीच्या जंगलात हे कारण फार काळ अधिकाराचं होतं. कुणाच्या हाताखाली किती माणसं, कुणाच्या कमरेला काय, कुणासमोर कुणी मान वर करायची, हे मिशीवरून कळे. ती मिशी कुणाच्याही ओठावर बसू शकेल अशी झाली ती कचेरीत नाही, राजवाड्यात नाही. ती झाली धानाच्या बांधीत ठोकलेल्या नाटकाच्या मंडपात.

चंद्रपूरचा परकोट खांडक्या बल्लाळशहाच्या नावाशी जोडला जातो. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा या दरवाजांवर गोंड राजांचं चिन्ह कोरलेलं आहे, हत्तीवर चढलेला सिंह. त्या राजांचे चेहरे कसे होते हे दगड सांगत नाही. त्यांनी आपलं बळ माणसाच्या तोंडावर नाही, जनावराच्या पंजात दाखवलं. 1751 साली रघूजी भोसल्यांनी शेवटचा राजा नीळकंठशहा याला बल्लारपूरच्या किल्ल्यात कोंडलं आणि चांदा नागपूरकर भोसल्यांचं झालं. त्यांच्याबरोबर मराठा शिलेदार आले, बारगीर आले, अरब आणि पठाण शिपाई आले. लष्करी मिशी या मुलखात रोजच्या व्यवहारात उतरली ती या माणसांच्या तोंडावरून. किल्लेदार, ठाणेदार, वसुलीला येणारा कमाविसदार आणि त्याचा प्यादा. रयतेला राजा दिसत नसे. दिसे तो वसुलीचा माणूस, आणि त्याची मिशी.

अशी मिशी राखणं हे कष्टाचं काम होतं. चेहऱ्याचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. टोकाला आकडा यायचा तर मधल्या केसांना कात्री न लावता चार-पाच महिने काढावे लागतात, आणि त्यातले पहिले दोन महिने फार वाईट, कारण केस ओठावर येतात, जेवणात येतात, आणि मिशी राखणारा बहुधा याच टप्प्यावर हात टेकतो. शिवाय प्रत्येक केसाचं आपलं आयुष्य असतं. तो ठराविक लांबीनंतर गळतो. म्हणून सगळ्यांची मिशी सारखी लांब होत नाही. राजस्थानच्या रामसिंह चौहान यांची मिशी 2010 साली गिनेसच्या नोंदीत 4.29 मीटर भरली, ती अनेक दशकांची निगा आणि शरीराची देणगी या दोन्हींमुळे. आपल्याकडच्या शिपायाला इतकी लांबी नको होती. त्याला हवा होता पीळ, आणि पीळ टिकायला हवं होतं काहीतरी चिकट, जे उन्हात वितळणार नाही.

इथे हे जंगल कामाला येतं. मोहाच्या बियांचं, म्हणजे टोळीचं तेल घराघरात असे. दिव्याला, जेवणाला, अंगाला आणि केसांना तेच. थंडीत ते थिजलेल्या तुपासारखं घट्ट होतं, बोटाच्या उबेने पातळ होतं, आणि केसाला लावलं की पुन्हा आवळतं. पौष-माघात याहून चांगलं काही नको. पण चंद्रपूरचा उन्हाळा 47 अंशांच्या पुढे जातो आणि टोळीचं तेल पंचवीस-तीस अंशांतच पाणी होतं. तिथे कामाला येतं मधाच्या पोळ्याचं मेण. ते वितळायला बासष्ट-चौसष्ट अंश लागतात, म्हणजे वैशाखातही ते केसाला धरून राहतं. नुसतं मेण मात्र केसाला ओढतं आणि त्याच्या गुठळ्या होतात. त्यात थोडं तेल मिसळलं तरच ते पसरतं. युरोपात हंगेरियन पोमेड म्हणून जी मिशीची मेणडबी विकली जाई, तिचंही मूळ मेण आणि चरबी यांच्या जोडीतच आहे. माडिया आणि गोंड माणसं झाडावर, कड्यावर चढून जे पोळं काढत, त्याच मेणातून शेजारच्या बस्तरमध्ये ओतीव पितळी मूर्तींचे साचे होत. एकाच डब्यातल्या मेणाने देव घडे आणि मिशीही वळे, असं म्हणायला हरकत नाही.

बाकी काम म्हालीचं. विदर्भात न्हाव्याला म्हाली म्हणतात. धोपटीत वस्तरा, कातर, नराणी आणि आरसा घेऊन तो दारोदार फिरे आणि खळ्यावर धान आलं की त्याचं बलुतं घेई. मिशीचं खरं कौशल्य वाढवण्यात नाही, कापण्यात आहे, हे त्याला ठाऊक होतं. ओठाची कड मोकळी ठेवायची, नाकाखालचा भाग हलका करायचा, गालाकडचे केस तिरके जाऊ द्यायचे आणि टोकाला हात लावायचा नाही. गावातल्या पाटलाची मिशी कोणत्या कोनात उभी राहील हे तोच ठरवी. आणि त्याच माणसाच्या बापाचं दहावं आलं की त्याच वस्तऱ्याने तीच मिशी तो उतरवी. मिशी उतरवणं म्हणजे सुतक, हा संकेत इतका खोल होता की बाप जिवंत असताना साफ तोंडाने फिरणाऱ्याला लोक विचारत, घरी सगळं ठीक आहे ना. हा प्रश्न पुढे नाटकवाल्यांच्या फार वाट्याला आला.

इंग्रजांनी मिशीत पहिला हात घातला तो दूर दक्षिणेत. मद्रास फौजेच्या सरसेनापतींनी 1805 च्या अखेरीस हुकूम काढला की शिपायांनी कपाळावर गंध लावू नये, हनुवटी गुळगुळीत ठेवावी, मिशा एका मापात कापाव्यात आणि चामड्याचा तुरा असलेली नवी टोपीवजा पगडी घालावी. जुलै 1806 मध्ये वेल्लोरच्या किल्ल्यात शिपाई उठले. शंभराहून अधिक गोरे मारले गेले आणि त्याहून कितीतरी जास्त शिपाई. हा हुकूम देणारे साहेब स्वतः त्या काळी ओठ साफ ठेवत. मिशी त्यांच्या नजरेत शिस्तीबाहेरची होती. हुकूम मागे घ्यावा लागला, पण माणसाच्या चेहऱ्यावर फौजेचा हक्क चालतो ही कल्पना मागे घेतली गेली नाही.

एप्रिल 1818 मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा पांढरकवड्याजवळ शिवणीला पाडाव झाला आणि पुढच्याच महिन्यात कर्नल ॲडम्सच्या फौजेने चांद्याचा किल्ला घेतला. भोसल्यांचं राज्य आणखी पस्तीस वर्षं नावापुरतं राहिलं, मग 1853 नंतर तेही खालसा झालं. आणि आता नेमकं उलटं घडलं. मुंबई फौजेतल्या युरोपियनांना 1854 साली मिशी राखण्याचाच हुकूम निघाला. हिंदुस्थानात सफाचट पुरुषाला माणसं मोजत नाहीत हे कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या ध्यानात आलं होतं, आणि क्रिमियाच्या लढाईने घरीही दाढीमिशीची हवा आणली होती. पुढे सगळ्या ब्रिटिश सैन्यात वरचा ओठ भादरायला मनाई झाली, ती थेट 6 ऑक्टोबर 1916 पर्यंत चालली. जे आपली मिशी मापात कापायला निघाले, त्यांनीच पन्नासेक वर्षांत आपल्यासारखी मिशी अंगाला लावून घ्यावी, यात मला त्यांच्या राज्याचं एक मर्म दिसतं. रुबाब त्यांनी इथूनच उचलला.

बाबूरावांचा लढा याच सांध्यावरचा आहे. मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातला हा मुलगा रायपूरला इंग्रजी शाळेत शिकून आला. त्याने जंगोम दल उभं केलं. गोंड, माडिया, रोहिले एकत्र आणले आणि मार्च 1858 पासून अडपल्लीच्या व्यंकटरावांच्या साथीने राजगड, नांदगाव-घोसरी भागात कंपनीच्या फौजेशी झुंज दिली. 29 एप्रिलच्या रात्री प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तारायंत्राच्या छावणीवर हल्ला झाला आणि गार्टलँड व हॉल हे दोघे मारले गेले. सप्टेंबरात बाबूराव धरले गेले ते अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंच्या माणसांकडून, इंग्रजांच्या दबावाखाली आणि लालचीपोटी. महिन्याभरात फाशी. म्हणून फलकावरची त्यांची मिशी मला सजावट वाटत नाही. चित्रकाराने तिथे एक दावा केला आहे. हा पंचवीस वर्षांचा तरुण या जमिनीचा धनी होता, वसुलीचा प्यादा नव्हता, हा तो दावा. तो करायला चित्रकाराजवळ जी खूण होती तीच त्याने वापरली, आणि ती खूण त्याला मिळाली ऐतिहासिक नाटकांतून आणि रविवर्मा छापखान्यापासून चालत आलेल्या रंगीत चित्रांतून. शिवाजी महाराजांच्या बाबतीतही कित्येक वर्षं मनुचीच्या पुस्तकातलं भलत्याच सरदाराचं चित्र त्यांचं म्हणून फिरत होतं, वा. सी. बेंद्रे यांनी डच चित्र पुढे आणलं तेव्हा टोकदार दाढी आणि बारीक वळणाची मिशी असलेला चेहरा लोकांनी पाहिला, आणि रंगभूमीवरचे महाराजही हळूहळू तसे दिसू लागले. बाबूरावांच्या वाट्याला असा कागद शोधणारा बेंद्रे अजून आलेला नाही. तोवर त्यांना लोकांनी दिलेला चेहरा माझ्या लेखी मोलाचा आहे.

इंग्रजी अमलात मिशी गणवेशाचा भाग झाली. पोलीस, जंगल खात्याचा नाकेदार, तुरुंगाचा जमादार. राखीव जंगलाचा कायदा 1878 चा. त्यानंतर आलापल्ली-सिरोंच्याच्या माणसाला स्वतःच्या जंगलातून लाकूड आणताना ज्या तोंडाकडे बघून गयावया करावी लागली, त्या तोंडावर बहुधा मिशी होती. उत्तर प्रदेशात सशस्त्र पोलिसांना मिशीचा भत्ता अजून मिळतो. 2019 साली तो महिना 50 रुपयांवरून 250 झाला.

आणि ज्यांना ती राखता येत नव्हती त्यांचं काय? मिशीला पीळ घालून वरच्या जातीच्या माणसासमोरून जाणं हा गुन्हा समजला जात होता, आणि ही गोष्ट जुनी झालेली नाही. 2017 साली गुजरातेत गांधीनगरजवळच्या लिंबोदरा गावात दलित तरुणांना मिशी ठेवल्याबद्दल मारहाण झाली. त्यानंतर कितीतरी तरुणांनी मोबाइलवर आपल्या फोटोच्या जागी मुकुट आणि पिळाच्या मिशीचं चित्र लावलं. चंद्रपूरकरांना हे समजावून सांगावं लागत नाही. नागपुरात 14 ऑक्टोबर 1956 ला धम्मदीक्षा झाली आणि दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबरला, बाबासाहेब चांद्याला आले आणि इथल्या लोकांना दीक्षा दिली. ते स्वतः साफ तोंडाचे, कोटातले. मान वर करण्याचा त्यांचा मार्ग मिशीतून जात नव्हता, आणि त्यांच्यामागून गेलेल्या हजारोंना ते कळलं. तरीही ज्याला मिशी हवी त्याला ती ठेवता आली पाहिजे, ही लढाई उरतेच.

ती इथे एका वेगळ्या जागी लढली गेली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. धान निघालं की मंडई भरते, दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या तेव्हा नाटकांनाही त्याची झळ लागली. डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली आणि गावं पुन्हा भरू लागली. नाटक रात्री दहाला सुरू होतं आणि कोंबडा आरवेपर्यंत चालतं. पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात. आज वडसा-देसाईगंज हे या धंद्याचं ठाणं आहे. कंपन्यांची ऑफिसं तिथे आहेत आणि दिवाळीपासून होळीपर्यंत गाड्या तिथूनच सुटतात. पण त्याआधी, कंपन्या नसताना, गावच नाटक बसवत असे. त्याच्याही आधी दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं होती. त्यांत कुणबी, तेली, ढिवर, गोंड, महार, ज्याला गळा आणि धीर होता तो उभा राहत असे. दिवसभर दुसऱ्याच्या बांधीत चुरणा करणारा माणूस रात्री राजा होई, आणि राजा व्हायला त्याला सगळ्यात आधी मिशी लागे.

सुरुवातीला ती काजळाची होती. एरंडेलात खललेलं काजळ आणि काडीने ओढलेली रेघ. गॅसबत्तीच्या उजेडात तेवढी रेघ पुरे. मग आली केसांची मिशी. नाटकासाठी क्रेप मिळतो, घट्ट वेणीत विणलेले केस. ते ओले करून सरळ करायचे, विंचरायचे, थर लावून कापायचे आणि स्पिरिट गमने ओठावर बसवायचे. स्पिरिट गम म्हणजे अल्कोहोलात विरघळवलेली राळ. अल्कोहोल उडालं की राळ धरते. माघाच्या थंडीत ते सावकाश उडतं, म्हणून रंगभूषाकाराला बोट जास्त वेळ दाबून धरावं लागतं. आणि इथे एक नाजूक गोष्ट आहे, जी बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. मिशी सलग चिकटवली तर वरचा ओठ जखडतो. नट गाऊ शकत नाही, शब्द अडकतात. म्हणून ती दोन तुकड्यांत लावतात, नाकाखाली मधे बारीक फट सोडून. झाडीपट्टीच्या नाटकात गाणं भरपूर, त्यामुळे ही फट फार महत्त्वाची. ड्रेपरीवाल्याच्या पेटीत जाळीवर विणलेल्या तयार मिशाही असतात, त्या एका हंगामात अनेक ओठांवरून फिरतात.

मंडपात हजारो माणसं जमिनीवर बसलेली असतात. मागच्या रांगेला नटाचे डोळे दिसत नाहीत, मिशी दिसते. म्हणून तिची भाषा पक्की झाली. टोकं वर वळलेली, आकडेबाज, ती सरदाराची. ओठावर लोंबणारी झुपकेदार ती सावकाराची किंवा पाटलाची, आणि तिच्याखालून हसू आलं की मंडप सावध होतो. बारीक तलवारकट ती शहरातून आलेल्या फसवणाऱ्याची. पांढरी, खाली उतरलेली ती बापाची, आणि तिसऱ्या अंकात ती थरथरली की बायका पदर डोळ्याला लावतात. ज्या मिशीपुढे आजोबांनी हात जोडले, तिला इथे नातू वाकुल्या दाखवतो, शिट्टी मारतो, शेवटी तिचा पाडाव बघून घरी जातो. जंगल खात्याचा साहेब, जमीनदार, ठाणेदार या सगळ्यांच्या मिशा या रंगमंचावर रोज रात्री उतरवल्या गेल्या. मला वाटतं, या मुलखाच्या माणसाने अधिकाराला जवळून न्याहाळायला शिकलं ते इथे.

स्त्री भूमिका करणारे पुरुष ही या गोष्टीची दुसरी बाजू आहे. दंडारीत आणि खडी गंमतीत नाच्या पुरुषच असे. नाटकातही बायका येईपर्यंत तेच चालू होतं. त्यांना संपूर्ण हंगाम मिशी ठेवता येत नसे. दिवसा ते शेतात, बाजारात, सासुरवाडीत साफ तोंडाने वावरत, बाप जिवंत असताना, आणि टोमणे ऐकत. राजाची मिशी चिकटवणाऱ्याला टाळ्या मिळाल्या. राणीसाठी स्वतःची मिशी देणाऱ्याने जास्त दिलं. या रंगभूमीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्यांच्या नावाला मोठी जागा द्यायला हवी. कुरखेडा तालुक्यातले परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, पाच हजारांहून अधिक प्रयोग केलेल्या या विनोदी नटाला. त्या दिवशी झाडीपट्टीला पहिल्यांदा दिल्लीत आपलं नाव ऐकू आलं, आणि त्या मानात हे सगळे बिनमिशीचे नटही वाटेकरी आहेत.

आता मिशी पुन्हा खरी होते आहे. 2025 च्या फेब्रुवारीत 'छावा' चित्रपट लागला आणि चंद्रपूरच्या सलूनमध्ये फोटो दाखवून तशी दाढी-मिशी मागणारी मुलं आली. 19 फेब्रुवारीला, शिवजयंतीला, चंद्रकोर लावून ती मिरवणुकीत जातात. 12 मार्चला बाबूरावांच्या जयंतीला गोंड तरुण पिवळे झेंडे घेऊन निघतात, त्यांतही आता पीळ दिसतो, आणि ज्यांची मिशी विरळ आहे ते ती विरळच वळवतात. मला हे आवडतं. रंगीत चित्रातून आणि रंगपेटीतून आलेली मिशी त्यांनी आपल्या ओठावर आणली आहे.

ज्या कुणाला येत्या मंडईपर्यंत अशी मिशी हवी असेल, त्याने हिशोब धानाबरोबर लावावा. पऱ्हे टाकताना, मृगाच्या सुमारास, मधल्या केसांना कात्री लावणं थांबवायचं. रोवणा संपेपर्यंत ती नुसती जंगली दिसेल, ओठावर येईल. तेव्हा रोज ओल्या बोटांनी बाहेरच्या बाजूला वळवायची आणि फक्त ओठाची कड म्हालीकडून साफ करून घ्यायची. बैलपोळ्याला टोकं गालापर्यंत येतात. तिथून मेण सुरू करायचं, तांदळाच्या दाण्याएवढं, तळहातावर चोळून उबवलेलं, थोडं टोळीचं तेल घालून. आधी विंचरायचं, मग दोन बोटांत धरून एकाच दिशेने पिळायचं, दोन्ही बाजूंना पिळाची संख्या सारखी. रात्री झोपताना कोमट पाण्याने धुवायची, नाहीतर मेण साचून केस तुटतात. धान कापणीला येतं, भाऊबीज होते, आणि टोकं स्वतःहून वर राहू लागतात.